रान मोकळं झाल्यावर : प्रस्तावना

या पुस्तकात हिरवा रंग फार कमी आहे, हे वाचकाला आधीच सांगितलेलं बरं. अहिल्यानगर जिल्ह्यात वसंत शोधायला निघालेला माणूस हिरवळीच्या मागं लागला, तर रिकाम्या हातानं परत येतो. फाल्गुन लागता लागता इथली माळरानं पिवळी पडतात, कुसळं कपड्यांत रुततात, ओढ्यातली शेवटची डबकी आटतात आणि विहिरींच्या कडेला उभं राहिलं की तळाचा खडक दिसू लागतो. पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. याच दोन महिन्यांत गावोगावी टँकरची वाट पाहिली जाते. आणि याच दोन महिन्यांत झाडं फुलतात, टिटवी अंडी घालते, काळवीट हद्दीसाठी झुंजतात, जत्रा भरतात, आणि माणसं वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त वेळ उघड्यावर असतात. पाणी सर्वांत कमी असताना जगण्याला एवढा बहर कसा येतो, हे बघण्यासाठी आणि जमेल तेवढं लिहून ठेवण्यासाठी हे पुस्तक.

आमच्या भागात वसंताची पहिली खूण जमिनीवर दिसते. रब्बीची ज्वारी निघते. जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव आणि नगर तालुक्यातली काळी रानं भाद्रपद-आश्विनात पेरली जातात. त्यानंतर पाऊस जवळजवळ संपतो. मातीनं पोटात धरून ठेवलेली ओल आणि हिवाळ्याची थंडी, एवढ्यावर हे पीक उभं राहतं. मालदांडी जातीच्या ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्यावर जातं, संक्रांतीच्या आगेमागे हुरड्याला येतं आणि माघ संपता संपता खडखडीत वाळतं. मग काढणी. पुष्कळ ठिकाणी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. माणसं एका ओळीत पात धरून पुढं सरकतात, भेगाळलेल्या मातीतून ताटं उपसतात, मागं पेंढ्या पडत जातात. हाताला घट्टे पाडणारं हे काम आहे. ते असं करण्यामागं कारण आहे: पावसाळा येईपर्यंत जनावरांना जगवायचं ते कडब्यावर, त्यामुळं ताटाची वीतभर लांबीसुद्धा वाया घालवून चालत नाही. कणसं खुडून खळ्यावर जातात आणि कडब्याची गंज रचली जाते. पूर्वी खळं सारवून मधे तिवडा रोवत, बैलांची पात फिरे आणि वारं सुटलं की वावडीवर उभं राहून उफणणी होई. आता मळणीयंत्र येतं आणि काही तासांत काम उरकून पुढच्या गावाला जातं. करडई, हरभरा, गहूही याच सुमारास निघतात.

एवढं झालं की गावात म्हणतात, रान मोकळं झालं. माझ्या दृष्टीनं या जिल्ह्याचा वसंत इथं सुरू होतो आणि या सगळ्या पुस्तकाचा पायाही हाच आहे. उभं पीक असताना रान एकाच धन्याचं असतं. बांधावरून चालावं लागतं, गुरं आवरावी लागतात, पाखरं हाकलावी लागतात, गोफणीचा आवाज दिवसभर ऐकू येतो. पीक निघालं की हे सगळं सैल होतं. वावरातून आडव्या पायवाटा पडतात. कोणाचीही गाय कोणाच्याही धसकटात चरते. पडलेली कणसं वेचायला बाया येतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. मेंढ्यांचे कळप येतात आणि शेतकरी आपण होऊन त्यांना बसवून घेतो. लांडगा, खोकड, तितर, चंडोल, सगळे त्याच जमिनीवर हक्कानं वावरतात. वर्षातून तीन-चार महिने ही जमीन सातबाऱ्यावरच्या नावापलीकडं अनेकांची होते, आणि वसंतातलं जे काही बघण्यासारखं आहे ते बहुतेक सगळं या मोकळेपणावर उभं आहे.

जिल्ह्याचा आकार लक्षात घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, 17,048 चौरस किलोमीटरांचा, 14 तालुक्यांचा. 2024 साली त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, कारण त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, 1725 चा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई 1,646 मीटरांवर उभी आहे आणि घाटघर, रतनवाडीला पावसाळ्यात आभाळ फाटतं. तिथून पूर्वेला जसजसं यावं तसतसा पाऊस झपाट्यानं कमी होतो आणि पारनेर, कर्जत, पाथर्डीकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. मधून हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग जाते. तिच्या उत्तरेचं पाणी प्रवरा-मुळेतून गोदावरीला मिळतं, दक्षिणेचं कुकडी, घोड, सीनेतून भीमेला. त्यामुळं 'नगरचा वसंत' असा एकच वसंत दाखवता येत नाही. जामखेडला रान मोकळं होतं तेव्हा अकोल्यात भाताची खाचरं केव्हाच रिकामी झालेली असतात आणि राहुरी-श्रीरामपूरकडं ऊस तोडायचा राहिलेला असतो.

आधी मोकळ्या रानातली पाखरं घेतो, कारण त्यांच्यापासून सुरुवात केली तर बाकीचं आपोआप उलगडतं. ज्वारी उभी असते तेव्हा भोरड्यांचे थवे शेतकऱ्याची झोप उडवतात. गुलाबी पाठीची, काळ्या डोक्याची ही पाखरं पावसाळा संपताना मध्य आशियाकडून येतात. थवा वळला की आभाळात काळसर पडदा सरकल्यासारखा दिसतो. ज्वारी निघाल्यावर त्या पळस आणि काटेसावरीवर उतरतात आणि फुलांतला मध पितात. तोंडं परागानं पिवळी झालेल्या भोरड्या बघायच्या असतील तर हेच दिवस. चैत्रात त्या निघून जातात आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात पोचल्यावर टोळांवर पिल्लं वाढवतात. इथं त्यांना पीकचोर म्हणतात, तिथं पीकरक्षक. दोन्ही खरं आहे. गोफण हाती घेतलेल्या शेतकऱ्याला मी कधी दोष दिला नाही, आणि भोरड्यांशिवायचा फाल्गुनही मला सहन होणार नाही.

मोकळ्या रानाची खरी मालकीण मात्र टिटवी. ती घरटं बांधत नाही. ढेकळांत, खड्यांत उथळसा खळगा करून त्यात मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते, बहुधा चार. माणूस जवळ आला की आरडाओरडा करत त्याला भलत्याच दिशेला नेते. धनगर आणि गुराखी ही अंडी नेमकी कुठं आहेत ते बघून ठेवतात. अंडी उंचवट्यावर असतील तर पाऊस भरपूर, सखल जागी असतील तर कमी. चार अंडी म्हणजे पावसाचे चारही महिने धरायचे. कावळ्यानं घरटं झाडाच्या शेंड्यावर केलं, का मधल्या बेचक्यात, यावरूनही असाच अंदाज बांधतात. या अंदाजांची हवामानखात्याच्या कसोटीवर परीक्षा घ्यायचा माझा इरादा नाही. मला त्यात वेगळंच मोल दिसतं: अंदाज बांधायचा म्हणून का होईना, माणूस टिटवीचं घरटं शोधतो, लक्षात ठेवतो आणि नांगरट करताना तेवढी जागा वळसा घालून सोडतो.

तिच्या शेजारी चंडोल असतात. माळावरून एखादा चिमुकला पक्षी सरळ वर चढतो, पंख फडफडवत एका जागी तरंगतो, गात राहतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो. नर हे सगळं मादीसाठी करतो, आणि त्यासाठी त्याला झाड लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. हिवाळाभर माळावर घिरट्या घालणारे भोवते हे शिकारी पक्षी या सुमाराला उत्तरेकडं परततात. तेही रात्री गवतात, जमिनीवर झोपणारे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य 1980 साली काळविटांसाठी राखलं गेलं. क्षेत्र अवघं 2.17 चौरस किलोमीटर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं मोठे नर कोळशासारखे काळे दिसतात, आपापल्या हद्दी आखतात, मान ताठ करून चालतात आणि शिंगाला शिंग लावतात. अभयारण्य एवढं लहान की काळवीट आजूबाजूच्या शेतांत जाणारच. ते टिकले यात त्या कुंपणाएवढाच वाटा भोवतालच्या गावांचाही आहे. माळढोकाच्या बाबतीत मात्र आपण हरलो. कर्जत-श्रीगोंद्याचा काही भाग 1979 साली सोलापूरसह माळढोक अभयारण्यात घेतला गेला, पण आज या जिल्ह्याच्या माळावर तो पक्षी दिसण्याची आशा कोणी धरत नाही.

याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे असं मला वाटतं. माळाला आपण पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की तिथं काहीतरी केलंच पाहिजे असं वाटू लागतं, मग खड्डे खणून ओळीनं झाडं लावली जातात. पवन्या, मारवेल, शेडा अशा गवतांचा माळ ही हजारो वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी असलेली वस्ती आहे. तिथं लावलेलं झाड चंडोलाचं घर मोडतं. झाडं लावायला माझा विरोध नाही. बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात, उघड्या बोडक्या डोंगरउतारावर ती हवीतच. पण माळ सोडून. हे वाक्य मला या पुस्तकात पुन्हा पुन्हा लिहावं लागलं आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही.

आता झाडं. पळस, पांगारा, काटेसावर ही तिन्ही पानं टाकून मग फुलतात. जामखेडच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर किंवा अकोल्याच्या डोंगरात फाल्गुनात पळस बघितला की प्रश्न पडतो, एवढ्या कोरड्यात एवढा खर्च झाडाला परवडतो कसा? उत्तर पानांच्या हिशेबात आहे. पान म्हणजे पाणी बाहेर सोडणारं दार. थंडीच्या अखेरीस झाड ती दारं बंद करतं, पानं गळतात, खोडात आणि मुळांत साठलेलं पाणी वाचतं आणि ते फुलांना मिळतं. पानांचा आडोसा नसल्यानं लाल-केशरी फुलं लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी येऊन परागीभवन करतात. शेंगा, बोंडं वैशाखात पिकली की बी पहिल्या पावसाला तयार. कोवळी पालवी तर त्याहून धाडसाची. कडुनिंब, पिंपळ, करंज पाऊस पडायच्या दोन-अडीच महिने आधीच पानं काढतात. दिवस मोठा होऊ लागला याची जाणीव झाडाला होते आणि ते आभाळाची वाट न बघता खोलवरच्या ओलीवर विसंबतं. पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाचा कोवळा डहाळा मिळतो तो या विसंबण्यामुळं. चैत्रपालवी हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. नगरच्या कोरड्या रानात उभं राहून तो उच्चारला की त्यामागचं धैर्य कळतं.

आणखी किती तरी झाडं या पुस्तकात येतील. बांधावर लावलेल्या ग्लिरिसिडियाला येणारे गुलाबी तुरे, एप्रिलच्या वाऱ्यावर उडणाऱ्या वावळाच्या कागदी पापड्या, शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा रात्रभर चालणारा खुळखुळाट, लोणच्याचं भोकर, आणि वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा बहावा, ज्याच्या फुलण्यापासून लोक पावसाचे दिवस मोजू लागतात. चिंचेला वेगळं प्रकरण दिलं आहे. माघ-फाल्गुनात चिंचा झोडपल्या जातात, ओसरीत बसून बाया त्या फोडतात, चिंचोके वेगळे करतात, आणि नगरच्या बाजार समितीत चिंचेचे ढीग लागतात. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या चिंचा आणि वड रस्ते रुंद करताना गेले. त्या सावल्यांची जागा दुसऱ्या कशानं भरून निघालेली नाही.

पश्चिमेचं अकोलं हे जवळजवळ दुसरं जग आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. प्रवरेचं पाणी अडलं आणि खालच्या कोरड्या तालुक्यांना कालव्यांनी मिळू लागलं. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांतल्या माणसांना उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब चालावं लागतं. वसंत त्यांच्यासाठी राब भाजण्याचा काळ. झाडाच्या डहाळ्या, पाला, शेण यांचे थर खाचराच्या एका तुकड्यावर पसरून जाळतात, म्हणजे पावसाळ्यात भात-नागलीचं रोप तिथं जोमानं येतं. हरिश्चंद्रगडाच्या अंगानं अंजनीच्या फांद्यांना जांभळे झुबके येतात, धायटी लाल होते, मोहाची फुलं पहाटे टपटपतात, करवंदांची जाळी आधी पांढऱ्या फुलांनी आणि मग काळ्या फळांनी भरते. बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे घालून माणसं रात्र जागवतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपण्याचं जे काम केलं, ज्यासाठी त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्याचीही एक बाजू या ऋतूची आहे. बी उन्हात वाळतं, राखेत घोळतं आणि मडक्यात बंद होतं ते याच दिवसांत.

पूर्वेच्या टोकाला पाणी वेगळ्या रीतीनं वसंत दाखवतं. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली झालं आणि नाथसागराचा मोठा फुगवटा शेवगाव-नेवाशाच्या हद्दीत पसरला. पुढं 1986 साली तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. फेब्रुवारीनंतर पाणी मागं हटू लागतं आणि दर आठवड्याला काठ पुढं पुढं सरकतो. उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गाळपेर करतात, टरबूज-खरबुजांचे वेल पसरतात. त्याच गाळात रोहित पक्षी चोच उलटी धरून अन्न गाळत असतात. हिवाळ्यात आलेले पट्टकादंब मार्चच्या आसपास हिमालय ओलांडून तिबेट-लडाखच्या सरोवरांकडं निघतात. ज्या गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांना हा देखावा बघताना काय वाटत असेल, हे मी त्या प्रकरणात त्यांच्याच शब्दांत येऊ दिलं आहे.

माणसांविषयी लिहिताना माझा हात आखडला नाही, आणि संपादन करताना तिथली पानं कमी करायचं मला जिवावर आलं. रान मोकळं झालं की गावाला पाय फुटतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस. वैदू, गोपाळ, कैकाडी, वडार, बेलदार अशा वर्षभर भटकणाऱ्या जमाती तिथं एकत्र येतात, गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जुळतात, जुने तंटे मिटवले जातात. ज्यांचं नाव कुठल्याच गावच्या वेशीवर नाही त्यांना गर्भगिरीच्या डोंगरावरचा हा पंधरवडा गावासारखा वाटतो. रंगपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी फाल्गुन वद्य षष्ठी, पैठणची नाथषष्ठी. म्हणजे एकाच आठवड्यात पूर्व नगरच्या रस्त्यांवर एकीकडून भगवे ध्वज घेतलेले कानिफनाथांचे भक्त आणि दुसरीकडून टाळ-मृदंगाच्या दिंड्या चालत असतात. चैत्रात पोरं अनवाणी गोदावरीवर जातात आणि खांद्यावर कावडी घेऊन आपापल्या ग्रामदैवताला पाणी आणतात. तापलेल्या रस्त्यावरून पाणी वाहून नेणं आणि ते देवावर ओतणं, हे टंचाईच्या मुलखातच सुचावं. मग जत्रा, छबिना, हगामा. कुस्तीच्या फडाला लागणारी मऊ माती मोकळ्या वावरातच मिळते. निघोजला मळगंगेची यात्रा भरते तेव्हा कुकडीचं पाणी उतरलेलं असतं आणि पाण्याच्या भोवऱ्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे उघडे दिसतात.

पाडव्याला सालगड्याचं साल संपतं आणि नवं ठरतं. बाजरी किती पोती, पैसे किती, कपड्याचे जोड किती, हे मारुतीच्या पारावर बोलून पक्कं होतं. त्याच सुमारास कारखान्यांचा पट्टा पडतो आणि ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर पाथर्डी-शेवगावकडं आणि पुढं बीडकडं परत फिरतात. पाच-सहा महिने बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात. त्या गावांमध्ये वसंत म्हणजे माणसं परत येणं. उलट पारनेर-संगमनेरच्या पठारावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जे निघालेले असतात ते पाऊस तोंडावर आल्याशिवाय घरी पोचत नाहीत. त्यांचा वाडा कोणाच्या रानात किती रात्री बसणार, त्या बदल्यात धान्य किती, हे सगळं तोंडी ठरतं. मेंढरांच्या लेंड्या आणि मुतानं रानाला जे खत मिळतं त्याची बरोबरी गोणीतल्या खतानं होत नाही, असं सांगणारे शेतकरी मला प्रत्येक तालुक्यात भेटले.

मोकळं रान कमी होत चाललं आहे, हे या पुस्तकात लपवलेलं नाही. प्रवरेच्या पाण्यावर लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि दुष्काळी मुलखातल्या छोट्या शेतकऱ्याला पहिल्यांदा आपल्या पिकाचा आणि कारखान्याचाही धनी होता आलं. ते ऋण मोठं आहे. पण बारमाही ऊस उभा राहिला की ते रान कधीच मोकळं होत नाही. तिथं वसंताचे पाहुणे बदलतात. अकोल्याच्या खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला बिबट्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. जंगल जवळजवळ नसलेल्या, दाट वस्तीच्या त्या शेतजमिनीत शंभर चौरस किलोमीटरांमागं सुमारे पाच मोठे बिबटे त्यांना आढळले. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, मजूर काम थांबवतात, वनखात्याची माणसं येतात, आणि आई परत येऊन नेईल म्हणून संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवली जातात. या रात्रींचं वर्णन मी जपून केलं आहे, कारण माणसाचा जीव गेलेली घरंही याच पट्ट्यात आहेत आणि त्यांच्या दुःखावरून कौतुकाची चादर ओढायचा अधिकार मला नाही.

दुसरी वाट हिवरे बाजारनं दाखवली. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअरला मनाई केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा हिशेब मांडून मगच पिकं ठरवायला सुरुवात केली. वसंताच्या दृष्टीनं मला तिथलं गवत महत्त्वाचं वाटतं. डोंगरावर गुरं न सोडता गवत कापून न्यायचं, एवढ्या नियमानं गावाच्या कडेची रानं फाल्गुनातही सोनेरी राहतात.

एक प्रकरण नगरच्या भुईकोट किल्ल्याचं आहे. रानावनाच्या पुस्तकात किल्ला कशाला, असं वाचकाला वाटेल. 1942 च्या ऑगस्टपासून 1945 पर्यंत काँग्रेसचे नेते तिथं कैदेत होते. जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथं 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये लिहिलं. म्हणजे लेखन सुरू झालं ते नगरच्या ऐन उन्हाळ्यात. त्याआधी आणि त्याबरोबर ते अंगणातली दगडमातीची, जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली जमीन उकरून फुलांचे वाफे करत होते, आणि ते त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच नोंदवलं आहे. तिथंच कैदेत असलेल्या मौलाना आझादांनी न धाडलेल्या पत्रांत, जी पुढं 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेलं भांडण आणि मग जमलेली मैत्री सविस्तर लिहिली आहे. ज्यांना रानात जायची बंदी होती त्यांनी चार भिंतींच्या आत या जिल्ह्याचा वसंत किती बारकाईनं बघितला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या आधी याच शहरात राहून गेलेले रेव्हरंड ना. वा. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून मराठीत ओळखले जातात, तेही इथं आठवतात. आणि दुर्गाबाई भागवतांचं नाव घेतल्याशिवाय ही प्रस्तावना पुढं जाऊ नये. 'ऋतुचक्र' लिहून त्यांनी मराठी वाचकाला महिन्यामहिन्याचं झाड बघायला शिकवलं, आणि नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं मानतात त्या खांबावर 'पैस' लिहून या मुलखाच्या रिकामपणातली भव्यता दाखवली.

संकटांबद्दलही थोडं. वसंतात इथलं आभाळ दगा देतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेल्या गारपिटीनं नगर जिल्ह्यातही काढणीला आलेला गहू, कांदा आणि डाळिंबाच्या बागा झोडपल्या. रानात मेलेल्या पाखरांचा खच पडला होता. त्यानंतर अवकाळीची धास्ती वाढतच गेली. उन्हाळ कांदा चाळीत पोचेपर्यंत आणि कडब्याच्या गंजीवर ताडपत्री पडेपर्यंत शेतकऱ्याचा वसंत वर बघण्यात जातो. म्हणून हा ऋतू सुंदर आहे असं मी कुठंही एका वाक्यात म्हटलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी तारखांनी केलेली नाही, कामांनी केली आहे. हुरडा संपल्यापासून सुरुवात होते आणि शेवट भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात तिथं, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस. त्याच दिवसांत 31 मेला चौंडीत अहिल्यादेवींच्या जयंतीला माणसं जमतात. मधल्या प्रकरणांचा क्रम कोणी मोडला तरी बिघडणार नाही. पाखरांची आणि झाडांची नावं जिथं दोन-तीन आहेत तिथं मी त्या त्या गावात चालणारं नाव ठेवलं आहे.

शेवटी काही कोरी पानं जोडली आहेत, ती मुद्दाम. प्रत्येक पानावर तालुका आणि गाव लिहायला जागा आहे आणि खाली मोजक्या गोष्टी छापल्या आहेत: ज्वारीची काढणी कधी लागली, पहिला पळस कधी दिसला, कोकीळ कधी बोलली, भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या, टिटवीची अंडी कुठं होती, विहिरीला पाणी किती परस राहिलं, बहावा कधी फुलला, पावशा कधी ओरडू लागला. अशा नोंदी एका गावातून दहा-वीस वर्षं झाल्या तर ऋतू पुढंमागं सरकतो आहे का, हे अनुमानावर सोडावं लागणार नाही. शाळेतल्या पोरांनी त्या भरल्या तर उत्तम. पानं पुरली नाहीत तर वहीत लिहावं, पण वर्ष, गाव आणि नोंद करणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नये.